जमिनीने आकार दिलेले रोलर कोस्टर: वेगळ्या वाटेने उभ्या राहिलेल्या बांधकामांवर चर्चा

दरीतला_रूळ

नमस्कार मंडळी,

रोलर कोस्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न उंचीचा येतो, दुसरा वेगाचा येतो आणि बहुतेक वेळा गप्पा तिथेच थांबतात. मला मात्र गेली कित्येक वर्षे ओढ आहे ती बांधकामाची. पाया कुठे खणला, खांब तिथेच का रोवला, रूळ अमुक ठिकाणी अचानक का वळवला, याची उत्तरे रोलर कोस्टर सुरू झाल्यावर रंगरंगोटीत आणि गर्दीत लपून जातात. ती वाचता येतात फक्त काम चालू असताना. म्हणून हा धागा अशा बांधकामांसाठी काढत आहे, जिथे काहीतरी आडवे आले आणि त्या अडथळ्यामुळेच रोलर कोस्टरला त्याचा आकार मिळाला.

सुरुवात माझ्या सर्वांत आवडत्या उदाहरणाने करतो. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात आल्टन टॉवर्स हे मनोरंजन उद्यान आहे. जुना, अर्धवट पडका वाडा, त्याभोवतीच्या बागा आणि घनदाट झाडी यांमुळे तिथे बांधकामाचे नियम फार कडक आहेत आणि कोणतीही राइड झाडांच्या शेंड्यांवर डोके काढणार नाही, अशी अट आहे. रोलर कोस्टर म्हणजे आधी उंच चढायचे आणि मग खाली यायचे. चढायलाच मनाई असेल तर करायचे काय? राइड्सचे आराखडे करणारे जॉन वॉर्डली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला आणि जमिनीतच खाली जायचे ठरवले. त्यांनी सुरुंग लावून खडक फोडला, दरी कोरली आणि त्या दरीत रूळ बसवले.

हे पहिल्या फटक्यात जमले नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. 'सीक्रेट वेपन' या सांकेतिक नावाने आधी दोन आराखडे झाले आणि दोन्ही बाजूला ठेवावे लागले. दरम्यान १९९२ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या उद्यानात 'बॅटमॅन द राइड' सुरू झाला. त्यात डबे रुळांवर बसत नाहीत, रुळाखाली टांगलेले असतात आणि प्रवाशांचे पाय मोकळे लोंबतात. स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार या कंपनीची ही रचना वॉर्डलींना त्या दरीसाठी नेमकी हवी तशी मिळाली, कारण पाय लोंबत असताना खडकाची भिंत अंगावर येते तेव्हा ताशी ८१ किलोमीटरचा वेगही दुप्पट वाटतो. मार्च १९९४ मध्ये 'नेमेसिस' सुरू झाला. त्याची जमिनीपासूनची उंची केवळ १३ मीटर आहे, पण खाली उतरण्याचा एकूण पल्ला जवळजवळ ३२ मीटर भरतो. रुळाची लांबी ७१६ मीटर, म्हणजे आकड्यांच्या यादीत कुठेही नजर ठरणार नाही अशी. तरीही तीस वर्षे लोक त्याच्यासाठी रांगा लावत आले आहेत.

त्याच १९९४ साली त्याच देशात ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर 'द बिग वन' उभा राहिला. त्याची उंची ६५ मीटर. तिथे अडचण जागेची होती. उद्यान चिंचोळे आणि जुन्या राइड्सनी गच्च भरलेले, त्यामुळे नवे खांब जुन्या राइड्सच्या मधल्या फटींत रोवावे लागले आणि रूळ त्यांच्या डोक्यावरून न्यावे लागले. एकाला वर जायची मनाई होती म्हणून तो खाली गेला आणि दुसऱ्याला खाली पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून तो वर गेला. हे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहण्यात मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत.

आपल्याला अशी कोणती बांधकामे ठाऊक आहेत? शक्यतो आपण स्वतः ज्यांचा पाठपुरावा केला त्यांबद्दल लिहावे.

इरीकाठ

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी बरीच वर्षे ओहायोत राहते, त्यामुळे सँडस्की गावातील सीडर पॉइंट उद्यानाचे एक काम मला अगदी जवळून पाहता आले. हे उद्यान इरी सरोवरात शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर आहे. हिवाळ्यात सरोवर गोठते, उद्यान बंद होते आणि बांधकामाचा खरा हंगाम तेव्हाच सुरू होतो.

तिथे १९९१ पासून 'मीन स्ट्रीक' नावाचा लाकडी रोलर कोस्टर होता. उंची सुमारे ४९ मीटर, सागाच्या रानासारखा दिसणारा लाकडी सांगाडा आणि बसल्यावर हाडे खिळखिळी करणारा प्रवास. सप्टेंबर २०१६ मध्ये तो बंद झाला. आम्हांला वाटले की आता पाडकाम होणार. वरचे रूळ उतरवायलाही लागले, पण खालचा सांगाडा मात्र तसाच ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, तर काही ठिकाणी त्यावर नव्या, पिवळसर लाकडाची भर पडत होती. जुने लाकूड ऊन-पावसाने करडे पडलेले आणि त्यात मध्येच ताजे लाकूड, हे दृश्य दुरूनही ओळखू येत असे. पुढे त्या करड्या सांगाड्यावर पोलादी रुळांचे तुकडे चढू लागले आणि त्यांतला एक तुकडा चक्क उलटा, म्हणजे डबे डोक्यावर जातील असा बसवलेला दिसला. लाकडी सांगाड्यावर उलटा रूळ! त्या दिवशी मी घरी येऊन आईला पुण्याला फोन केला आणि तिला काहीही समजत नसताना अर्धा तास तेच सांगत बसले.

मे २०१८ मध्ये तो 'स्टील व्हेन्जन्स' या नावाने सुरू झाला. उंची ६२ मीटर, पहिला उतार अगदी काटकोनात, वेग ताशी ११९ किलोमीटर आणि रूळ सुमारे १,७५० मीटर. यात एकूण २७.२ सेकंद प्रवासी आसनावरून उचललेला राहतो. हे काम आयडाहो राज्यातील रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीचे. टेक्सासमध्ये १९९० च्या 'टेक्सास जायंट'वर त्यांनी २०११ मध्ये हाच प्रयोग पहिल्यांदा केला होता.

सुताराची_लेक

इरीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून एक प्रश्न पडला. माझे वडील आयुष्यभर सुतारकाम करत होते, त्यामुळे लाकडाचा विषय आला की मला राहवत नाही. लाकडी रोलर कोस्टरमध्ये नेमके लाकडी काय असते? सांगाडा लाकडी की रूळही लाकडी? आणि सांगाडा ठेवून फक्त रूळ बदलल्याने एवढा फरक कसा पडतो?

इरीकाठ

फार योग्य प्रश्न आहे. जुन्या पद्धतीत रूळही लाकडीच असतो. फळ्या आडव्या ठेवून एकावर एक सात-आठ थर रचतात, वळणाप्रमाणे त्या जागेवरच वाकवतात, खिळे आणि बोल्टने एकजीव करतात आणि चाक जिथून धावते तिथे वरून पोलादी पट्टी ठोकतात. म्हणजे वळणाची गोलाई सुताराच्या हातात असते. तुमच्या वडिलांना हे काम पाहताच समजले असते. अडचण अशी की डब्यांचे वजन, ओल आणि थंडी-उन्हाचे फेरे यांनी थर हळूहळू सैल होतात, सांधे बोलू लागतात आणि गाडी आदळू लागते. म्हणून लाकडी रोलर कोस्टरवर दुरुस्तीचे सुतार कायमचे ठेवावे लागतात आणि रोज सकाळी रुळावरून पायी फिरून तपासणी करावी लागते.

नव्या पद्धतीत सांगाडा लाकडीच राहतो, पण रूळ मात्र पोलादी पत्रे हव्या त्या वक्र आकारात आधीच कापून, जोडून कारखान्यात तयार करतात. पत्रा वाकवण्याऐवजी वक्रच कापल्यामुळे रुळाला कसाही पीळ देता येतो. सांगाड्याचे काम केवळ भार जमिनीपर्यंत पोहोचवण्याचे उरते आणि त्यासाठी जुने लाकूड, थोडी डागडुजी करून, पुरेसे असते.

याच्या मधली एक वाटही आहे. जर्मनीच्या हाइडे पार्कमधील 'कोलोसोस' (२००१) आणि स्वीडनच्या लिसेबेरीमधील 'बाल्डर' (२००३) यांचे रूळ लाकडीच आहेत, पण थर कारखान्यात डिंकाने चिकटवून, यंत्रावर अचूक कापून, तयार तुकड्यांच्या रूपात आणले होते. रूळ जागेवर घडवायचे नव्हते, फक्त जोडायचे होते.

सुताराची_लेक

खूप छान समजावून सांगितलेत. "सांधे बोलू लागतात" हे माझे वडीलही म्हणायचे.

पायाभरणी

मी पुलांच्या पायांचे काम करतो, त्यामुळे माझे लक्ष आधी जमिनीखाली जाते. दरीतला_रूळ यांनी जी कल्पना मांडली आहे, तिला जपानमधील 'स्टील ड्रॅगन २०००' हे फार समर्पक उदाहरण आहे. नागोयाजवळच्या नागाशिमा स्पा लँडमध्ये, नद्यांच्या मुखाशी असलेल्या सखल प्रदेशात, ऑगस्ट २००० मध्ये तो सुरू झाला. उंची ९७ मीटर आणि लांबी २,४७९ मीटर. केवळ डब्यांचा भार पेलायचा असता तर बऱ्याच कमी पोलादात भागले असते. पण भूकंपात ९७ मीटर उंचीचा सांगाडा आडवा हलतो आणि त्या आडव्या जोरासाठी खांब रुंद फाकवावे लागतात, तिरपे आधार वाढवावे लागतात. त्या जादा पोलादामुळेच त्याचा खर्च पाच कोटी डॉलरच्या पुढे गेला. छायाचित्र नीट पाहिले तर उंच टेकाडाखालची ती दाट जाळी लगेच लक्षात येते. अमेरिकेतील तितक्याच उंचीच्या सांगाड्याशेजारी ठेवून पाहा, म्हणजे भूकंप डोळ्यांना दिसतो.

दुसरे उदाहरण लंडनजवळच्या थॉर्प पार्कचे. हे उद्यान खडी काढून पाणी भरलेल्या जुन्या खाणींच्या जागेवर आहे. त्यामुळे २४ मे २०२४ रोजी सुरू झालेल्या 'हायपेरिया'साठी, जो ७२ मीटर उंचीसह ब्रिटनमधील सर्वांत उंच आहे, पाण्याच्या शेजारी पाया घालण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागला. या कामाची बित्तंबातमी हौशी मंडळींना मिळाली ती रनीमीड नगर परिषदेकडे दाखल झालेल्या परवानगीच्या अर्जांतून. ब्रिटनमध्ये अशा अर्जांची कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. पायांचे नकाशे, आवाजाचा अहवाल, झाडांची मोजणी, सगळे त्यात असते. मी स्वतः ती कागदपत्रे कादंबरी वाचावी तशी वाचली आहेत.

इरीकाठ

अमेरिकेत ही भूमिका विमान वाहतूक खात्याकडील अर्ज बजावतात. २०० फुटांहून उंच काही उभारायचे असेल तर त्या खात्याला कळवावे लागते, त्यामुळे उद्यानाने काही जाहीर करण्याआधीच उंचीचा आकडा बाहेर येतो. आमच्याच राज्यात बटेव्हिया येथे क्लेरमाँट स्टील हा कारखाना आहे. बोलिगर आणि माबियार यांचे रूळ तिथे घडवले जातात. आवारात रंगवलेले रूळ ओळीने मांडलेले असतात आणि हौशी मंडळी रस्त्यावरून छायाचित्रे घेऊन, केवळ रंग आणि वळणांवरून, हा माल कोणत्या उद्यानाचा असेल याचा अंदाज बांधतात.

वाळवंटी_वारा

सर्वांचे प्रतिसाद उत्तम आहेत, पण धाग्याच्या मूळ मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. विक्रमांच्या मागे लागणाऱ्या बांधकामांत काही वेगळे नसते, असा सूर मला पहिल्या प्रतिसादात जाणवला. माझी नोकरी आखाती देशांत आहे. इथे वाळू आणि उष्णता हेच अडथळे आहेत. अबू धाबीतील 'फॉर्म्युला रोसा' २०१० मध्ये सुरू झाला, ताशी २४० किलोमीटर वेगाचा. पुढच्या प्रवाशांना डोळ्यांवर चष्मा लावावाच लागतो, कारण त्या वेगात वाळूचा कण किंवा किडा डोळ्यात गेला तर गंभीर इजा होईल.

आणि आता रियाधजवळच्या किद्दियामध्ये 'फाल्कन्स फ्लाइट' आला आहे. ३१ डिसेंबर २०२५ रोजी तो सुरू झाला. उंची १९५ मीटर, वेग ताशी २५० किलोमीटर, लांबी सव्वाचार किलोमीटर. स्टील ड्रॅगनने जवळपास पाव शतक सांभाळलेला लांबीचा विक्रम त्याने घेतला. परंतु एवढी उंची नुसत्या खांबांवर उभारलेली नाही. तिथे तुवैक पर्वतरांगेचा उभा कडा आहे आणि रूळ त्या कड्यावर चढून त्याच्याच टोकावरून खाली झेपावतात. गाडी साखळीने ओढली जात नाही, तर रुळालगतच्या विद्युतचुंबकी मोटारी तिला ढकलतात. मग ज्याला आपण 'जमिनीने आकार दिलेला' म्हणता, त्या व्याख्येत हा का बसू नये? नेमेसिस खडकात उतरला, हा खडकावर चढला.

दरीतला_रूळ

वाळवंटी_वारा, आपला मुद्दा रास्त आहे. मी उंचीला कमी लेखले, हे मान्य करतो. कडा नसता तर फाल्कन्स फ्लाइट तसा झाला नसता, म्हणजे तो याच धाग्यात शोभतो.

तरीही माझे एक म्हणणे उरते. न्यू जर्सीतील 'किंगडा का' २००५ मध्ये १३९ मीटर उंचीसह जगात सर्वांत उंच ठरला. सपाट जमिनीवर सरळ वर आणि सरळ खाली, एवढाच त्याचा आराखडा होता. तो २०२४ मध्ये बंद झाला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी स्फोटके लावून पाडण्यात आला. याउलट नेमेसिसचे रूळ थकले तेव्हा आल्टन टॉवर्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो थांबवला, त्याच नकाशाबरहुकूम नवे रूळ आणि खांब बनवून घेतले आणि १६ मार्च २०२४ रोजी, मूळ उद्घाटनाला बरोबर तीस वर्षे होत असताना, तो पुन्हा सुरू केला. दरी तीच होती, तेव्हा दुसरा कोणता आकार तिथे बसलाही नसता. ज्याचा आकार जागेतून आला आहे, त्याला पुन्हा त्याच जागी तसाच घडवण्याचे कारण शिल्लक राहते. किंगडा काच्या बाबतीत ते कारण नव्हते, असे मला वाटते.

अशा जातीचे अजून एक नाव घेतो. ओहायोतलाच, किंग्ज आयलंड उद्यानातील 'द बीस्ट'. १९७९ मध्ये उद्यानाने बाहेरचा निर्माता न नेमता तो स्वतःच बांधला. जंगल सपाट करण्याऐवजी टेकड्यांच्या चढ-उतारांवरून रूळ नेले आणि त्यातून २,२४३ मीटरचा रूळ झाला. लाकडी रोलर कोस्टरमध्ये लांबीचा विक्रम आजही त्याचाच आहे.

मार्गेटचा_प्रवासी

नव्या बांधकामांच्या या चर्चेत मी एका जुन्या बांधकामाची भर घालतो, कारण ते पुन्हा बांधताना पाहणे हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद होता. केंट परगण्यात मार्गेट या समुद्रकाठच्या गावी ड्रीमलँड नावाचे उद्यान आहे. तिथला लाकडी 'सीनिक रेल्वे' १९२० चा. त्याच्या डब्यांना रुळाखालून धरणारी चाके नाहीत. उतारावर वेग फार वाढला तर गाडी रूळ सोडेल, म्हणून प्रत्येक फेरीत एक ब्रेकवाला डब्यांच्या मध्ये बसतो आणि हाताने ब्रेक ओढून वेग राखतो. आजच्या रोलर कोस्टरमध्ये रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्ही चाके असतात. ही खालची चाके जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्यामुळे १९१० च्या दशकात आली आणि त्यानंतरच उतार तीव्र करता आले. सीनिक रेल्वे त्याआधीच्या पद्धतीचा आहे.

उद्यान डबघाईला आले तेव्हा स्थानिक लोकांनी आणि रोलर कोस्टरप्रेमींनी ते वाचवण्यासाठी मोहीम उभारली. २००२ मध्ये सीनिक रेल्वेला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. एप्रिल २००८ मध्ये आग लागली आणि सांगाड्याचा मोठा भाग जळाला. मी तेव्हा नुकताच केंटमध्ये राहायला आलो होतो. कुंपणाबाहेरून काळे पडलेले खांब दिसत आणि शेजारून जाणारी म्हातारी माणसे थांबून पाहत राहत. संरक्षित दर्जा असल्यामुळे तिथे दुसरे काही उभारणे सोपे नव्हते. अखेर सांगाडा लाकडातच पुन्हा बांधला गेला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये गाडी धावली. मी पहिल्या आठवड्यातच गेलो. माझ्या मागे ब्रेकवाली एक तरुण मुलगी होती. प्रत्येक उताराच्या तोंडाशी ती दोन्ही हातांनी दांडा मागे ओढायची आणि लाकूड घासल्याचा आवाज थेट पाठीत जाणवायचा.

इथे जमिनीने आकार दिला नाही, तर कायद्याने आकार जपला, एवढाच फरक.

पायाभरणी

फार सुंदर अनुभव लिहिलात. नेमेसिसलाही कायद्यानेच खाली ढकलले होते, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत.

खालापूर_फाटा

मी शांतपणे सगळा धागा वाचला. परदेशी जाऊन हे सर्व पाहणे मला शक्य नाही, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळच राहत असल्यामुळे इमॅजिकाला वरचेवर जाणे होते. तिथला २०१३ पासूनचा 'नायट्रो' बोलिगर आणि माबियार यांचाच आहे, हे मला आज या धाग्यामुळे लक्षात आले. त्यात गाडी निघण्यापूर्वी पायांखालची फरशी बाजूला सरकते आणि पाय अधांतरी राहतात. काम पूर्ण होऊन इतकी वर्षे झाली असली, तरी बांधकामाच्या नजरेने तिथे आता काय पाहता येईल? पुढच्या रविवारी मुलाला घेऊन जाणार आहे.

पायाभरणी

पुष्कळ पाहता येईल. रुळाचा मधला कणा गोल नळीचा नसून चौकोनी पेटीसारखा आहे, ही त्या कंपनीची ओळखीची खूण. अनेक उद्यानांत आवाज कमी करण्यासाठी या पोकळ कण्यात वाळू भरतात. नायट्रो धावताना कान देऊन ऐका आणि तो घुमतो का ते ठरवा. मग खांबाच्या तळाशी नजर टाका. पोलादी तळपट्टी काँक्रीटवर थेट टेकलेली नसते. आधी बोल्टच्या नटांवर तिची पातळी मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवतात आणि नंतर खालच्या फटीत पातळ मसाला ओततात. ती मसाल्याची करडी कड खांबाभोवती दिसते. जिथे खांब दोन-दोन, तिरपे आणि जाड आहेत, तिथे गाडीचा जोर सर्वांत जास्त आहे असे समजा. आधी मुलाला खांब पाहून ती जागा ओळखायला सांगा आणि मग बसून खात्री करून घ्या.

खालापूर_फाटा

मनःपूर्वक आभार. रविवारी कुंपणाबाहेरून जेवढे दिसेल तेवढ्या खांबांची छायाचित्रे काढून इथेच टाकतो.